जुन्या नियमाचा शेवटचा दिवस

"दादा, आधी माझं मीटर बसव, मग कुठे उंडारायचं तिथे उंडार!" लाँड्रीच्या दारातूनच बहीण ओरडली. हातातली इस्त्रीही तिने खाली ठेवली नव्हती.

वीज कार्यालयाच्या फिटरने स्कूटर थांबवली, पण तो उतरला नाही. मागच्या पेटीत नवी मीटरं होती. छतावरच्या सौर पॅनलांची वीज किती बाहेर गेली आणि बाहेरची किती आत आली, दोन्ही मोजणारी.

"नंबराने येतो गं. तुझा शेवटचा आहे. चारपर्यंत पोचतो."

"सख्ख्या बहिणीला नंबर?"

"तू अर्ज उशिरा केलास, त्याला मी काय करू?"

"पॅनलवाल्याने तंगवलं, त्याला मी काय करू?"

दोघंही हसली. हसण्यासारखं फारसं नव्हतं. जुना नियम साधा होता: दिवसा जेवढी वीज द्याल, तेवढी रात्री फुकट परत घ्या. सरकारने तो आता बदलला होता. आज पाचच्या आत ज्याचं मीटर सील होऊन संगणकावर चढेल, त्याला जुना नियम वीस वर्षं. बाकीच्यांची वीज कवडीमोलाने जाणार होती. गिऱ्हाइकांना कपडे सकाळी लागत, म्हणून बहिणीच्या इस्त्र्या संध्याकाळीच तापत. ऊन दुपारचं. जुन्या नियमाच्या भरवशावरच तिने छत पॅनलांनी भरून टाकलं होतं.

तीनच्या सुमारास तो सुताराकडे पोचला. तिच्या आधीचा हा एकच नंबर. मीटर बसवायला झाकण उघडलं, तर अर्थिंगची, जमिनीत जाणारी वायर जोडलेलीच नव्हती. अशा वेळी 'तयारी नाही' असा शेरा मारून पुढे जायची मुभा होती.

"राहिलं वाटतं आमचं," सुतार म्हणाला. "पॅनलवाला फोनच उचलत नाही, साहेब. आता काय, करवत हातानेच ओढायची."

फिटरने घड्याळ पाहिलं. मग पेटीतून पक्कड काढली. "कुदळ आहे का घरात?"

खड्डा खणून, वायर पुरून, तपासून, सील ठोकेपर्यंत पाचला थोडाच वेळ उरला होता. सुतार चहाला थांबवत होता. फिटरने स्कूटरला किक मारली.

बहिणीकडे त्याने मीटर बसवलं, सील लावलं, फोनवर क्रमांक टाकला. पडद्यावर दोनच शब्द आले: मुदत संपली.

"झालं?" तिने विचारलं.

"मीटर झालं."

"आणि नियम?"

"नवा." मग सुताराच्या वायरीचं त्याने सांगून टाकलं.

आत जाऊन तिने एक इस्त्री बंद केली.

पुढच्या आठवड्यात तो गणवेश न्यायला आला. दाराजवळच्या खुंटीवर त्याचा गणवेश नेहमी सगळ्यांच्या आधी तयार लटकलेला असे. आज खुंटी रिकामी होती. गणवेश टेबलावर होता, गिऱ्हाइकांच्या गठ्ठ्यांच्या ओळीत, सगळ्यात मागे.

"बस जरा," वर न पाहता ती म्हणाली. "नंबर यायचाय तुझा."

भिंतीवर त्यानेच बसवलेल्या मीटरचा लाल दिवा लुकलुकत होता. त्याने मान डोलावली आणि बाकावर दुसऱ्या गिऱ्हाइकाशेजारी जागा करून बसला.