कागदावरचा काडीमोड

फिलिबेर्तने हाताला लागलेला निळा रंग झग्याला पुसला आणि ती नगरभवनाच्या पायऱ्या चढली. मागून साक्षीदार म्हणून तिच्या मातीच्या भांड्यांच्या कारखान्यातला भट्टीवाला म्हातारा गीयो आणि शेजारचा पाववाला आले. टेबलामागे सिल्व्हाँ बसला होता. फ्रान्सात राजा होता तोवर तो नव्हेरच्या बड्या लोकांसाठी केसांचे टोप बनवायचा. राजाचं डोकं उडालं तशी टोपांची हौसही संपली. आता तो गावातले जन्म, लग्नं आणि मृत्यू लिहून घेई. नवा कायदा आल्यापासून काडीमोडही.

"कारण सांग, नागरिक," तो म्हणाला. सगळ्यांनी सगळ्यांना 'तू'च म्हणायचं, असा दंडक होता. पण फिलिबेर्तला त्याने जन्मात कधी एकेरी हाक मारली नव्हती, त्यामुळे बोलताना तो वहीकडेच पाहत होता.

"नवरा देश सोडून गेला."

"कधी?"

"गेल्या मार्चात."

"कुठं?"

"सांगून गेला असता तर मी इथं कशाला आले असते?"

पाववाला हसला. गीयो हसला नाही. भांड्यांच्या गाडीतल्या पेंढ्यात लपवून तिच्या नवऱ्याला, एद्मला, ल्वार नदीपलीकडे सोडून आला होता तो गीयोच.

राजाला मारल्याची बातमी आली त्या दिवशी एद्म खानावळीत सगळ्यांदेखत रडला होता. नुसता रडून थांबला असता तर निभावलं असतं. तो बोललाही होता. दोन महिन्यांनी त्याची चौकशी सुरू झाली. निघताना त्याने फिलिबेर्तचे दोन्ही हात धरले.

"पळालेल्यांची घरंदारं जप्त करतायत. भट्टी तुझ्या बापाची आहे, ती जाऊ देऊ नकोस. वेळ आली तर माझ्याशी काडीमोड घे. कागद त्यांचा, आपण आपले."

"तुम्ही याल ना परत?"

"हे सोंग किती दिवस टिकणार? द्राक्षं काढायच्या आत येतो."

सिल्व्हाँने वही तिच्याकडे वळवली. अठरा वर्षांत न लिहिलेलं माहेरचं नाव तिने सावकाश लिहिलं. बाहेर आल्यावर मात्र ती पायरीवरच बसली.

"कागदच आहे, बाई," गीयो म्हणाला.

"हो," ती म्हणाली.

द्राक्षं आठ वेळा निघाली, नवव्यांदा पिकायला लागली. सुरुवातीला लोक ताटल्यांवर स्वातंत्र्याची लाल टोपी, क्रांतीची खूण, काढून मागत. मग टोपी मागणाऱ्यांनाच पकडून नेलं आणि ताटलीवर काही काढणंच धोक्याचं झालं. तेव्हा फिलिबेर्तने नासपती काढायला घेतली. नासपती कुठल्या पक्षाची, असं कोणी विचारत नाही. ल्वार गोठली त्या हिवाळ्यात लाकूड मिळेना, तर तिने भांडी वाळवायच्या फळ्या फोडून एक भट्टी लावली. आठ माणसांच्या चुली त्यावर अवलंबून होत्या. पहिली काही वर्षं प्रत्येक गोष्टीला ती गीयोला विचारायची, "एद्म असते तर काय म्हणाले असते?" हे विचारणं कधी बंद झालं, ते तिच्या ध्यानातही आलं नाही.

पळालेल्यांना माफी जाहीर झाली, त्या वर्षीच्या सप्टेंबरात एद्म भरदुपारी अंगणात येऊन उभा राहिला. केस पांढरेफेक. फिलिबेर्त हातातला मातीचा गोळा टाकून धावली. तिच्या दहा बोटांचे ओले ठसे त्याच्या कोटाच्या पाठीवर उमटले.

त्या दुपारी कोणी काम केलं नाही. एद्म सूप पीत पीत स्वित्झर्लंडातल्या फ्रीबूरच्या गोष्टी सांगत होता. तिथे तो एका चीजवाल्याच्या मुलींना चित्रं शिकवायचा.

"पुढच्या आठवड्यात जाऊन येऊ नगरभवनात," शेवटी तो म्हणाला. "एक सही केली, की झालं सगळं पहिल्यासारखं."

"भट्टीतला माल निघू द्या," फिलिबेर्त म्हणाली.

तो माल निघाला, पुढचाही निघाला. एद्म रोज कारखान्यात येऊन उभा राही. नासपती पुरे, उमराव परत येतायत, त्यांची घराण्याची चिन्हं काढा, असं त्याने रंगाऱ्यांना सांगितलं. एका सकाळी तो गीयोला म्हणाला, "यापुढं भट्टी मला विचारून पेटवायची."

गीयोने फिलिबेर्तकडे पाहिलं.

"दुपारी पेटवा," ती म्हणाली.

माणसं जेवायला गेल्यावर ती एद्मसमोर बसली. बराच वेळ नखातली माती काढत राहिली.

"एद्म, मला नाही जायचं नगरभवनात."

"दुसरं कोणी आहे?"

"नाही."

"मग माझं चुकलं काय? तो काडीमोड नुसता कागदावरचा होता, फिल्बे."

"तुझ्यासाठी होता. तू इथं नव्हतास."

एद्मने मान वर केली. "तू मला 'तू' म्हणालीस."

तिच्या तोंडून ते कधी गेलं, तिला कळलं नव्हतं. पण तिने ते दुरुस्त केलं नाही.

"वरची खोली रिकामी आहे," ती म्हणाली. "आणि ताटलीवर तुझ्यासारखी निळी रेघ अजून या गावात कोणाला येत नाही."

"म्हणजे नोकर म्हणून राहू?"

"नाही."

"मग कोण म्हणून?"

"ते मला अजून नीट सांगता येत नाही. पण जाऊ नकोस."

तो उठून नदीकडे निघून गेला. संध्याकाळी परतला आणि वरच्या खोलीत गेला. तीन दिवस खाली आला नाही. गीयो सूप नेऊन ठेवी आणि रिकामा वाडगा घेऊन येई. कारखान्यात कोणी काही विचारलं नाही; पाववाल्याने विचारलं, तेव्हा गीयोने त्याला पाव कच्चा राहिल्याचं सुनावलं.

चौथ्या दिवशी भट्टी धगधगत होती आणि कारखान्याचं दार सताड उघडं होतं. एद्म आला आणि उंबऱ्याबाहेरच थांबला. धुतलेला सदरा, बाह्या वर सारलेल्या. त्याने उघड्या दाराच्या चौकटीवर बोटाने टकटक केली.

रंगाऱ्यांचे कुंचले थबकले.

"ये," फिलिबेर्त म्हणाली, आणि बाकावरच्या आपल्या रंगांच्या वाट्या तिने थोड्या बाजूला सरकवल्या.