लांबडं कार्ड

सोमवार, सकाळी सव्वाअकरा. काटेवाडीत सावळारामच्या घरी प्रगतीनं मोजणीचा नकाशा कॉम्प्युटरवर उघडला आणि शेतांच्या हद्दी एकमेकींत मिसळून नुसता काळा डाग दिसला. नकाशा जरा सरकवला की पडदा नव्यानं भरायला चार मिनिटं जात.

"तात्या, दुकानात दादासोनं कुठलं कार्ड दिलं?" तिनं बापाला विचारलं.

"चांगलं बघून घेतलंय मी."

"तुमी घेतलं? का त्यानं दिलं?"



१९९८ सालचा नोव्हेंबर होता. प्रगती बावीस वर्षांची, डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेलेला. बारामतीत कॉम्प्युटरवर नकाशे काढायचा क्लास तिनं पहिल्या नंबरानं पुरा केला होता. तिथल्या एका सर्व्हेअरनं घरबसल्या काम द्यायचं कबूल केलं. अट एकच, बुधवारी दुपारपर्यंत नमुन्याचा एक नकाशा पुरा झाला पाहिजे. इकडं बावड्याच्या झुंबरचं स्थळ दारात येऊन बसलं होतं. बिजवर, वय बेचाळीस, दोन पोरं. बुधवारी अकराला तो बोलणी पक्की करायला येणार होता. "काम मिळालं तर त्यास्नी न्हाय म्हणून सांगीन," असा शब्द सावळारामनं पोरीला दिला होता.

शनिवारी कॉम्प्युटर आणायला तो एकटाच इंदापूरला गेला होता. प्रगतीला एस.टी.ची पायरी चढवत नव्हती. "दादासो सांगंल तेच घ्या," असं तिनं दोनदा बजावलं होतं. दादासो जुने कॉम्प्युटर नीट करून विकायचा. मशीन तयार होतं. पडद्यावर चित्र उमटवणारं कार्ड तेवढं बसवायचं होतं. त्यानं एक आखूड कार्ड सावळारामपुढं सरकवलं.

"आबा, हे न्या. नकाशाला हेच लागतं."

"आन् मागं ठेवलंयस ते लांबडं?"

"ते जुनं हाय. तुमाला दोनी एकाच भावात, पण ते नेऊ नका."

"भाव एकच, वर नेऊ नका म्हणतुस. मग ठेवलंस कुणासाठी?"

"मेंढरू न्हाय हे, आबा, चाचपून घ्यायला."

"चाचपू दिलंस तर चाचपीन की."

तीस वर्षं सावळारामनं मेंढरं राखली होती, बाजारात घेतली-विकली होती. विकणारा पुढं ढकलतो ते जनावर घ्यायचं नाही, मागं दडवतो त्याच्यावर हात ठेवायचा, ही त्याची रीत. या रीतीनं त्याला कधी दगा दिला नव्हता. त्यानं लांबड्या कार्डावर हात ठेवला.

"पोरगी शिव्या घालंल मला," दादासो म्हणाला आणि त्यानं ते बसवून दिलं.

मंगळवारी सावळाराम कार्ड बदलायला इंदापूरला गेला, तर दुकानाला कुलूप. शेजारचा चहावाला म्हणाला, "सोलापूरला गेलाय माल आणायला. उद्या येतो म्हणला व्हता." कार्ड परत नेऊन त्यानं प्रगतीच्या हातात दिलं. तिनं ते मशीनला बसवलं आणि चार-चार मिनिटं थांबत एकेक हद्द ओढू लागली.

बुधवारी लांबडं कार्ड मशीनमध्येच ठेवून, आखूड मागून आणायला तो पहिल्या एस.टी.नं पुन्हा गेला. कुलूप तसंच होतं. अकरा वाजून दहा मिनिटांनी त्यानं समोरच्या एसटीडी बूथवरून शेजारच्या ठमाबाईकडं फोन लावला.

"पाव्हणं आल्यात," ठमाबाई म्हणाली. "प्रगतीनं आतनं कडी लावलीया. हाका मारल्या तर ओ देत न्हाय. मशीनचा आवाज येतुय तेवढा, आन् मधनंमधनं बटणांची टकटक."