पालकाच्या रकान्यातील नाव

लहानपणापासून माझ्याकडेच वाढलेली माझी नात अक्षता हिला कॅनडातील शाळेत दहावीसाठी प्रवेश मिळाला. व्हिसाचा अर्ज मी काळजीपूर्वक भरला आणि तिथल्या पालकाच्या रकान्यात, हसनाबादच्या शाळेत पहिलीपासून लिहीत आलो तसे, स्वतःचेच नाव लिहिले. अर्ज नामंजूर झाला. अल्पवयीन विद्यार्थ्याची तिथे जबाबदारी घेणारा हा पालक कॅनडाचाच रहिवासी असावा लागतो. शाळा सुरू होण्यास तीनच महिने उरले होते.

टोरांटोत स्थायिक झालेल्या माझ्या मुलीला, अक्षताची आत्या दैवशाला हिला, मी संकोचाने फोन केला.

"आबा, मी इथं असताना तुम्ही हसनाबादेतून पोरीवर नजर ठेवणार होते?" ती खळखळून हसली. "माझं नाव टाका. कागद जल्दी पाठवते."

नव्या अर्जावर व्हिसा वेळेत आला.

"आबा, मंग आता मला रागवायचं कुणी?" अक्षताने विचारले.

"तुझ्या आत्याने. नियमच आहे तसा," मी म्हणालो. "मी फक्त लाड करीन."