फुगवट्यातला पाचवा माठ

मी एक माठ बोलतोय. हसू नका. माणसं एकमेकांना 'माठ' म्हणतात ते कशासाठी, हे मला ठाऊक आहे. पण मठ्ठपणा हा माझा दोष नव्हे. माझा दोष भित्रेपणाचा. ज्याचं अंग बोटभरही जाड नाही आणि जो एका धक्क्यात संपतो, त्याने धीट कसं असावं, तुम्हीच सांगा. शेजारी कुणी घागर आपटली तरी मला वाटतं, आता मीच फुटलो.

माझा जन्म अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात निफाडकडच्या एका गावात, गोजराबाई कुंभारणीच्या अंगणात झाला. चाकावर मी चांगला देखणा होतो. भट्टीत मात्र शेजारचा माठ फुटला आणि त्याच्या टवक्याने माझा काठ उडवला. गोजराबाईने टिचकी मारून पाहिलं. "आवाज खणखणीत हाय, पर तोंड गेलं," म्हणाली आणि मला कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी पालथं घातलं. पावसाळाभर एक लाल कोंबडी माझ्यावर चढून बसायची. ती उडी मारायची तेव्हा मी डोळे मिटून घ्यायचो, म्हणजे डोळे असते तर मिटले असते.

डोळे मला मंगळूने दिले.

मंगळू मूळचा पेठकडच्या डोंगरातला. द्राक्षांच्या छाटणीला म्हणून बायकोला, भागीबाईला, घेऊन आला आणि नदीकाठी झोपडी टाकून इथेच राहिला. दिवाळीनंतर तो गोजराबाईकडे माठ न्यायला आला. चार चांगले माठ निवडले आणि मग मला उचलून सरळ डोक्यात घातलं.

"बसला!" तो आतून ओरडला.

"अरे बाबा, त्यात पानी भरायचं असतंय," गोजराबाई हसत म्हणाली.

"मला डोकंच भरायचंय, मावशी."

मी तेव्हाच घाबरायला हवं होतं. घाबरलोही होतो, पण माझं कोण ऐकतो!

बंधाऱ्यामागे गोदावरीचं पाणी जिथे पसरतं त्याला इथे फुगवटा म्हणतात. काठाला चिखल, पुढे माणसाच्या छातीइतकं पाणी, मध्येच बुडालेल्या बाभळींचे बुंधे आणि बाजूने पाणकणसाचं दाट रान. थंडीत तिथे बदकं उतरतात. चमच्यासारख्या चोचीची थापट्या बदकं, हळदीकुंकू बदकं, आणखी किती तरी. मंगळूने त्या चार माठांची तोंडं कापडाने आणि डांबराने बंद केली, खाली दगड बांधले आणि त्यांना पाण्यात सोडून दिलं. पहिल्या दिवशी बदकं लांब पळाली. हळूहळू ती माठांच्या आसपास चरू लागली, पुढे तर एक बदक माठाला पाठ टेकून झोपलं, असं मंगळू काठावर सांगताना मी ऐकलं.

मग खिळ्याने मला दोन भोकं पाडली, काठाला फडकं गुंडाळलं आणि मी मंगळूच्या डोक्यावर चढलो. तो गळ्यापर्यंत पाण्यात, वर फक्त मी. चाराचे पाच माठ झालेले बदकांना कळत नसे. मंगळू अगदी सावकाश सरकायचा, पाण्याखालून हात घालून एखाद्याचे पाय धरायचा आणि त्याला खाली ओढायचा. शेजारचं बदक मानही वळवायचं नाही. माझ्या आत मंगळूचा श्वास घुमायचा आणि मला वाटायचं, आता एखादा बुंधा लागेल, आता मी फुटेन.

शिकारीला बंदी होती. मंगळूला ते माहीत होतं आणि धनराजला त्याहून चांगलं माहीत होतं, म्हणून धनराज स्वतः कधी पाण्यात उतरला नाही. तो अंबडच्या कारखान्यांना माणसं पुरवणारा ठेकेदार. जीप बांधावर लावायचा, बदकं पिशवीत घ्यायचा आणि म्हणायचा, "मंगळू, पुढच्या हंगामाला तुला वॉचमन लावतो बघ. पक्का." मग पुढचा हंगाम यायचा.

वनखात्याच्या गार्डची फेरी चुकवायला नवरा-बायकोने एक युक्ती काढली होती. भागीबाई काठावरच्या दगडावर धुणं धुवायला बसायची. धोपाटण्याचा आवाज चालू आहे तोवर सगळं ठीक. आवाज थांबला की गार्ड आला समजायचं, आणि मग हलायचं नाही, बोलायचं नाही, हाक मारायची नाही. माणसाच्या हाकेने बदकंही उठतात आणि गार्डही.

तिसऱ्या हिवाळ्यात पलीकडच्या काठावर मगर दिसल्याची बोलवा उठली. एकाची शेळी पाण्यावर गेली ती परत आली नाही.

"ओंडका असंल," मंगळू म्हणाला.

"ओंडका शेळी खातो व्हय?" भागीबाई म्हणाली. पण जीप यायची होती, म्हणून दुसऱ्या सकाळी दोघं निघालीच.

त्या सकाळी थोडं धुकं होतं. मंगळू बाभळीच्या एका बुंध्याजवळ पोचला होता, आणि अचानक धोपाटणं थांबलं.

मंगळूने श्वास रोखला. गार्ड आला, हे उघडच होतं. गार्डला पाण्यात माठ दिसलेले असणार, एक कमी झाला तर संशय येणार. म्हणून त्याने मला अलगद डोक्यावरून काढलं, पाण्याच्या वर जेमतेम आलेल्या त्या बुंध्यावर पालथं बसवलं आणि स्वतः नाक तेवढं वर ठेवून पाणकणसात शिरला. मी बुंध्यावर असा बसलो होतो, की कुणीही म्हणावं, खाली डोकं आहे.

माझी भोकं काठाकडे होती. काठावर गार्ड नव्हताच. भागीबाई हातात धोपाटणं तसंच वर धरून उभी होती आणि माझ्या मागे बघत होती. मला मागचं दिसत नाही. मंगळूने मला दोनच डोळे दिले, तेही पुढे. पण तिचा चेहरा पाहून मला समजलं, की मागे ओंडका नाही.

ती ओरडली नाही. का, ते मला नंतर उमगलं. ओरडली असती तर मंगळू दचकून धडपडला असता आणि धडपडणाऱ्याकडेच मगर येते. पुन्हा धुणं बडवलं असतं तर तो बिनधास्त पुढे निघाला असता. बिचारीने केलेली खूण तिलाच बांधून बसली होती. मागे पाणी हलल्याचा आवाज झाला. भागीबाईने लुगड्याचा कासोटा आवळला आणि धोपाटणं घेऊन पाण्यात उतरली.

माझ्याकडे. तिचा नवरा माझ्या आत आहे असं समजून.

बाई, मी रिकामा आहे! मागे फिर! मी आतल्या आत किती ओरडलो. तुझा माणूस तिकडे गवतात आहे, तोही गार्डच्या भीतीने गप्प आहे, पाठ करून बसलाय. पण माठाला वाजवल्याशिवाय वाजता येत नाही. पाणी तिच्या गुडघ्याला लागलं, मग कमरेला. डोळे माझ्या मागे लावून, ओठ घट्ट दाबून ती येत होती. जन्मभर मी एकच मागणं मागत आलो होतो, मला सांभाळा. त्या वेळी पहिल्यांदा मला वाटलं, कुणीतरी मला पाडा.

मागून लाट आली. मी बुंध्यावरून घसरलो, उलटलो आणि माझं मोडकं तोंड आभाळाकडे झालं. आत काही नव्हतं, ते भागीबाईने पाहिलं.

"मंगळूऽऽ!"

नवऱ्याचं नाव तिच्या तोंडून मी तोवर ऐकलं नव्हतं. सगळा फुगवटा एकदम उठला, पंखांनी आभाळ भरून गेलं. आणि पाणकणसातून मंगळू उभा राहिला, चिडून दबक्या आवाजात म्हणाला, "अगं गप! गार्ड हाय ना!"

"गार्ड नाय, मगर हाय! तुमच्याकडच्या अंगाला!"

भोकांतून पाणी शिरत होतं. मी एवढंच पाहिलं, की त्या दोघांच्या मधलं पाणी सपाट झालं, तिथे आता काहीच दिसत नव्हतं. ते दिसण्यापेक्षा वाईट. मग मी बुडालो.

खाली चिखलात मला दिवस-रात्र कळत नव्हती. कधी डोक्यावरून काही जड सरकायचं आणि गाळ उठायचा. माझ्या मनात एकच घोर होता, दोघं बाहेर पडली की नाही. कुणाला विचारणार? माशांना विचारून काय उपयोग!

उन्हाळ्यात बंधाऱ्याचं पाणी सोडलं, फुगवटा आटला, चिखलाला भेगा पडल्या. एका दुपारी माझ्या भोकांसमोर दोन पाय आले. मागोमाग आणखी दोन. जोडवी घातलेले. मातीच्या भांड्याला रडू येत नाही, पण त्या दिवशी आलं असतं.

"आरं, आपला माठ! धड हाय की!" मंगळू म्हणाला.

भागीबाई दोन पावलं मागे सरली.

आता मी त्यांच्या झोपडीच्या दाराशी आहे. पाऊस संपला, बदकं उतरली. परवा धनराजची जीप येऊन गेली. अंबडची जागा या खेपेला नक्की आहे म्हणे, फक्त कारखान्याच्या साहेबांच्या पार्टीला बदकं तेवढी मिळाली पाहिजेत. काल मंगळूने माझ्या काठाला नवं फडकं गुंडाळलं.

"मगर गेली का पन?" भागीबाईने विचारलं.

"कुनाला दिसली नाय परत."

"मलाबी त्या दिशी लय उशिरा दिसली," ती म्हणाली. तो फडक्याची गाठ आवळत राहिला.

रोज संध्याकाळी ती माझ्यासमोर येऊन उभी राहते. चुलीजवळचा वरवंटा दोनदा उचलून तिने परत ठेवला. नोकरी त्याला हवी आहे, तिलाही हवीच आहे, म्हणून तिचा हात खाली येतो. मला तिचा राग नाही.

पण भागीबाई, तुला हात जोडता आले असते तर जोडले असते. उद्या तो उठायच्या आत तो वरवंटा उचल. मी भित्रा आहे, अजूनही आहे. भाजलेली माती पुन्हा मळता येत नाही, एकदा फुटलो की मी पुन्हा कशाचाच होणार नाही, हेही मला माहीत आहे. तरी घाव घाल. नाहीतर उद्या मी पुन्हा त्याच्या डोक्यावर असेन, आणि मला मागचं दिसत नाही.