मनकर्णाबाईचा अंगठा

साहेब, तुम्ही तिला माणूस मानलंच नाही. कचेरीत खुर्चीत बसून तिचा अंगठा उलटसुलट केलात आणि म्हणालात, "यावर रेघाच नाहीत. नुसती शाई पसरते. रेघा आल्या की ये."

शेजारी नूरुद्दीन उभा होता. चिमूरचा पिंजारी. बापजाद्यांनी दुसऱ्यांच्या गाद्या भरल्या. जमीन अशी घराण्यात त्यानेच पहिल्यांदा घेतली, मनकर्णाबाईची धानाची बांधी, भाताचं खाचर. पैसे चुकते झाले होते. गावासमोर धुऱ्यावर, खाचराच्या बांधावर, उभं राहून बाईने मातीचं ढेकूळ त्याच्या ओंजळीत ठेवलं होतं. इकडे व्यवहार असाच पुरा होतो. पण मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, नुकतीच गेलेली; कागदावर बांधी अजून मालगुजाराचीच. ती आधी बाईच्या नावावर चढायची, मग त्याच्या. तिथे अंगठा अडला. जन्मभर धान रोवणाऱ्या बाईच्या अंगठ्यावर रेघा राहतात कुठे?

बाई थकलेली. उद्या ती गेली तर कागदाने पुतण्या कोलू मालक. कोलूने त्याच संध्याकाळी तिला डिवचलं, सरकारच नाई म्हणते, तर तू काऊन घाई करून राह्यली?

"माती देल्ली मी त्याले," बाई म्हणाली. "आता हात माघारी घेऊ का?"

दुसऱ्या दिवसापासून ती अंगठ्याला मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल चोळून चिंधी बांधू लागली.

पावसाळ्यात रोवणा सुरू झाला. दरवर्षी सगळ्यांच्या पुढे असणारी बाई धुऱ्यावर बसून राहिली. रोवणा नाही म्हणजे मजुरी नाही. ती आंबील पिऊन दिवस काढत होती. चिखलात वाकलेल्या बाया हसल्या.

"मनकर्णाबाई मालगुजारीण झाली व! अंगठ्याले सोवळं पाळून राह्यली."

तुमचे अंगठे कोण्या सायबाने कधी पाह्यले का, असं उलट विचारून बाईने तिथूनच गाणं उचललं. गाता गाता तिचा मोकळा हात मांडीवर रोपं रोवत होता. नूरुद्दीनने ते पाहिलं. मशिदीच्या पायरीशी काढतो तशा त्याने वहाणा काढल्या आणि अनवाणी धुऱ्यावर उभा राहिला.

कापणीनंतर बाईने चिंधी सोडली. अंगठ्यावर बारीक, कोवळ्या रेघा उमटल्या होत्या.

"पाह्य नूरूभाऊ, उगवल्या."

दोघं कचेरीत आले. तुम्ही दौऱ्यावर होता. पुन्हा आले. कागद दुसऱ्या कचेरीत गेले होते. रेघा पुसू नयेत म्हणून बाईने चिंधी पुन्हा बांधली. होळीच्या आधी बाई तापाने गेली. शेवटची आंघोळ घालतानाही बायांनी तिच्या अंगठ्याची चिंधी सोडली नाही.

तिला माती देऊन परतताना कोलू बांधीपाशी थांबला. खाली वाकला, एक ढेकूळ उचललं आणि नूरुद्दीनच्या ओंजळीत ठेवलं.

आता अंगठा कोलूचा लागेल. तो लहानपणापासून जंगलात बांबू तोडतो. त्याच्याही अंगठ्यावर रेघा नाहीत. सांगा साहेब, त्याने हात बांधून बसायचं ते कधीपर्यंत?