न विचारता काढलेले फोटो

बेबी साठीला टेकली तरी घरात सगळ्यांची बेबीच होती. तिची सगळी नोकरी इस्पितळात एक्स-रे काढण्यात गेली. 'हलू नका, श्वास धरून ठेवा' असं लोकांना सांगून सांगून ती इतकी विटली होती, की निवृत्त झाल्यावर तिनं ठरवलं, आता फोटो काढायचे ते हलणाऱ्या, श्वास घेणाऱ्या आणि आपल्याकडे लक्ष नसलेल्या माणसांचे. चांगला कॅमेरा घेतला, पाठीवरची मोठी सॅक घेतली आणि परदेशात मिळेल त्या बसनं, जमेल तिथं पायी हिंडायचा बेत केला. बरोबर येणारी मैत्रीण तिकिटं काढायच्या सुमारास गुडघा धरून बसली, तेव्हा तिच्या जागी वहिनी निघाली.

वहिनी म्हणजे बेबीच्या दादाची बायको. दादाला जाऊन दोन वर्षं होत आली होती, आणि तेव्हापासून वहिनी भाजी आणायलासुद्धा कुणी लोटल्याशिवाय बाहेर पडत नव्हती. आत्याबरोबर जा म्हणून मुलानं आग्रह धरला आणि ती चक्क हो म्हणाली. का म्हणाली, ते तिचं तिलाच ठाऊक.

प्रवासात मात्र वहिनीनं कमाल केली. बेबी तोडक्यामोडक्या इंग्रजीत अडखळत बसायची. वहिनी सरळ मराठीत बोलायची. बसच्या कंडक्टरशी, दुकानदाराशी, रस्ता झाडणाऱ्या बाईशी, सगळ्यांशी. "अहो, ही बस पुलापाशी थांबते का?" असं हातानं पूल काढून विचारायची आणि समोरचा त्याच्या भाषेत उत्तर द्यायचा. दोघांचं कुठंच अडत नसे. बेबी तोवर मागं राहून फोटो काढत असायची. खांबाआडून, खिडकीतून, चहाच्या कपावरून. कुणाला पत्ता लागायचा नाही, आणि त्यातच तिला गंमत वाटायची.

वहिनीला ते पटत नव्हतं. लोकांच्या घरात डोकावल्यासारखं वाटतं, असं ती एकदोनदा म्हणाली. बेबी म्हणायची, अगं, विचारलं की माणूस भिंतीला टेकवलेल्या शिडीसारखा उभा राहतो, मग त्यात काय राम? यावर वहिनी सॅक उचलून चालायला लागायची. पण पटलं म्हणून नव्हे.

महिनाभर हिंडून त्या एका नदीकाठच्या लहान गावात आल्या. उतरल्या त्या घराच्या तळमजल्यावर खुर्च्या विणायचं दुकान होतं. खालच्या मोठ्या खिडकीत एक म्हातारी सकाळपासून वेताच्या खुर्च्यांच्या बैठका विणत बसायची. शेजारी पाण्याच्या टबात वेताच्या पट्ट्या भिजत पडलेल्या. एक पट्टी उचलायची, निथळायची, चौकटीच्या भोकांतून ओवायची, ताणायची आणि सैल पडू नये म्हणून भोकात लाकडी खुंटी ठोकायची. चारपाच खुंट्या कायम तिच्या ओठांत धरलेल्या. गाल आत गेलेले, कपाळाला आठ्या, आणि डोळे असे की जगात त्या खुर्चीखेरीज दुसरं काही नाहीच.

बेबीनं समोरच्या घराच्या पायरीवर बसकण मारली आणि ऊन खिडकीतून नेमकं म्हातारीच्या हातांवर येईपर्यंत वाट पाहिली. मग एक फोटो काढला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितला आणि तिच्या अंगावर काटा आला. साऱ्या प्रवासात असा फोटो मिळाला नव्हता. तिनं वहिनीला हाक मारली. वहिनी बघायला वाकली तोच दुकानाचं दार उघडलं आणि म्हातारी हात पुसत रस्ता ओलांडून आली.

ती रागावलेली दिसत नव्हती. तिनं नुसता हात पुढं केला. बेबीनं पडदा तिच्याकडे वळवला. म्हातारीनं तो बराच वेळ पाहिला. मग एक हात तोंडावर धरला आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं हवेत काट मारली. पुसून टाक.

बेबीनं हसून, हात जोडून, अंगठा वर करून, फोटो किती छान आहे ते परोपरीनं सांगितलं. म्हातारीनं पुन्हा काट मारली. बेबीला तिच्यादेखत फोटो पुसावा लागला. म्हातारी मान हलवून परत गेली आणि तिनं खिडकीचा पडदा ओढून घेतला.

बेबीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. खोलीवर आल्यावर तिची धुसफूस सुरू झाली. एवढं काय वाईट होतं त्यात? इतका जिवंत चेहरा! तिला तिचंच कौतुक कळत नाही, त्याला कोण काय करणार?

वहिनी मोजे धूत होती. ती म्हणाली, "तिनं दात काढून ठेवले होते, बेबी. खिडकीत वाटी होती, त्यात होते."

बेबीनं फोटो आठवून पाहिला. तिला वाटी दिसलीच नव्हती.

"गावात कुणाला दाखवत नसेल ती तसलं तोंड," वहिनी म्हणाली. "आणि तू ते घेऊन निघालीस."

चूक झाली म्हणून तिथंच थांबायचं, तर बेबी कसली थांबते. तिनं कॅमेरा वहिनीच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, बघ, एवढ्या लोकांचे काढले, एकानं तरी तक्रार केली का? त्यांना ठाऊक असतं तर केली असती, असं पुटपुटत वहिनीनं हात पुसले आणि एकेक फोटो बघू लागली. बोटीवरचा माणूस, पाव विकणारी, बाकावर पेंगणारा पोस्टमन. बघता बघता तिचा चेहरा सैलावला. पोस्टमनला बघून ती हसलीसुद्धा. आणि मग तिचं बोट थांबलं.

फोटो तिचाच होता. पहिल्याच आठवड्यातला. एकावर एक पलंग असलेल्या खोलीत ती खालच्या पलंगावर बसली होती. दादाचा करडा मफलर तिनं दोन्ही हातांनी नाकाशी धरला होता आणि डोळे मिटले होते. वरच्या पलंगावरून काढलेला फोटो. मफलर बरोबर आणल्याचं वहिनीनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

तिनं कॅमेरा सावकाश गादीवर ठेवला. "वन्सं," ती म्हणाली, "तुम्ही हा कधी काढलात?"

एरवी वहिनी तिला अगं-तुगं करायची. लग्न होऊन आली त्या वर्षी कशावरून तरी बिनसलं होतं, त्यानंतर आजवर बेबी वन्सं झाली नव्हती.  खरं तर तो फोटो काढताना बेबीलाही भरून आलं होतं. दादाचा वास त्या मफलराला अजून येतो का, हे विचारायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते विचारायचं धाडस झालं नाही म्हणून तिनं कॅमेरा उचलला होता. पण हे आता कसं सांगायचं?

"पुसते," ती घाईघाईनं म्हणाली. "आत्ता पुसते."

वहिनीनं तिचा हात धरला. "विचारल्याशिवाय काढलास तो काढलास. आता विचारल्याशिवाय पुसू नकोस."

एवढं बोलून ती उरलेले मोजे पिळायला गेली. रात्रीचं जेवण दोघींनी कसंबसं उरकलं. बेबीला एवढाच दिलासा होता, की शेवटी का होईना, वहिनी पुन्हा एकेरीवर आली होती.

सकाळी बेबी उठली तर खोलीत वहिनी नव्हती. खाली जाऊन बघते तर वहिनी दुकानात स्टुलावर बसलेली, पदर खोचलेला, आणि म्हातारीनं तिच्या हातात पट्टी दिलेली. वहिनी मराठीत सांगत होती की आमच्याकडे खाटा अशाच विणायचे, पण सुंभानं, आणि माझ्या वडिलांचा हात असा चालायचा की बघत राहावं. म्हातारीही तिच्या भाषेत काहीतरी सांगत होती. अधूनमधून ती वहिनीनं ओवलेली पट्टी उसवून पुन्हा तिच्या हातात देत होती.

बेबी दारातच घुटमळली. कॅमेरा ती वरच ठेवून आली होती. म्हातारीनं तिला ओळखलं, क्षणभर पाहिलं आणि टबाकडे बोट दाखवलं. बेबी मुकाट्यानं मांडी घालून बसली आणि कोरड्या पट्ट्या पाण्यात बुडवायच्या कामाला लागली. दुपारपर्यंत तिची बोटं सुरकुतून गेली. कुणी तिच्याशी विशेष बोललं नाही, आणि आश्चर्य म्हणजे तिला ते बरं वाटलं.

जेवणाच्या वेळेला म्हातारीनं हात झटकले, वाटी उचलली आणि आत गेली. बाहेर आली ती दात लावून, केस चापूनचोपून, निळा स्वच्छ ब्लाउज घालून. नव्या विणलेल्या खुर्चीवर बसली, हात गुडघ्यांवर ठेवले आणि बेबीकडे बघून एका बोटानं हवेत बटण दाबलं.

बेबी जिन्यानं धावत वर गेली आणि कॅमेरा घेऊन आली. समोर अगदी शिडीच होती. ताठ मान, मिटलेले ओठ, डोळे थेट भिंगात. यात काय राम, असं म्हणायची तिची आता छाती नव्हती. तिनं जन्मभर रोग्यांसाठी घ्यायची तेवढी तसदी घेतली. खुर्ची उजेडाकडे वळवली, हनुवटी जरा खाली घ्यायला खुणेनं सांगितलं, मागची लोंबती दोरी बाजूला केली. वहिनीनं पुढं होऊन म्हातारीची कॉलर सरळ केली. मग म्हातारीनं ओठ उघडून दात दाखवले, आणि बेबीनं फोटो काढला.

कॅमेऱ्याचा पडदा बघून म्हातारीनं नुसती मान डोलावली. पण डोलावत राहिली. दुपारीच बेबीनं बाजारातल्या फोटोवाल्याकडून त्याची मोठी प्रत करून आणली आणि म्हातारीनं ती गिऱ्हाइकांना दिसेल अशी भिंतीला लावली. नंतर वाटी परत खिडकीत आली, खुंट्या परत ओठांत गेल्या. ऊन पुन्हा तस्संच तिच्या हातांवर पडलं. बेबीनं कॅमेऱ्याकडे पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं. म्हातारीनं मान न उचलता बोट हलवलं. नाही.

बेबीनं तिथंच बसून उजेड जाईपर्यंत पोटभर पाहून घेतलं.

पुढच्या गावांत त्यांची रीत बदलली. आधी वहिनी जाऊन मराठीत विचारायची, मग दोघी बसायच्या. कुणी नाही म्हणायचं, कुणी शिडीसारखं उभं राहायचं, आणि एखादा बसल्या बसल्या त्यांना विसरून जायचा. तसे फोटो थोडेच मिळाले.

परतीच्या बसमध्ये वहिनीनं आपणहून कॅमेरा मागितला आणि तो मफलरचा फोटो उघडून बघत बसली.

"वास गेला गं आता त्याचा," ती म्हणाली. "तेव्हा होता थोडा."

"मला विचारायचं होतं," बेबी म्हणाली.

"मग विचारायचंस की. दिला असता हुंगायला." वहिनीनं डोळे पुसले. "ह्याची एक प्रत दे मला. मुलाला नको दाखवूस."

बेबीनं घरी गेल्यावर प्रत करून दिली आणि वहिनीसमोर कॅमेऱ्यातला फोटो पुसला. या वेळी आधी विचारून. वहिनीनं प्रत कुठं ठेवली, ते तिनं कधी विचारलं नाही.