हाराची पाठ

करिश्माच्या हाराला फोनवर लोकांनी डोक्यावर घेतलं होतं, आणि त्याच वेळी अमरावतीच्या एका हॉलमध्ये तोच हार नवरीच्या गळ्यात पालथा होऊन बसला होता.

तिवश्याजवळच्या शेतात फुलं पिकवायची, घरी हार गुंफायचे आणि अमरावतीला न्यायचे, हे करिश्माच्या सासरचं काम. सासूबाई पार्बताबाईंनी तिला हार शिकवला. फोनची जोड तिने स्वतः दिली. ओसरीत एक दांडी उभी केली, तिच्यावर फोन पालथा बांधला. खाली फक्त तिची बोटं आणि फुलं, आणि ते गुंफणं फोनवर लोकांना थेट दिसायचं. लेक ठमी झाल्यापासून घरातला जो तो तिच्याकडे बघायचा तो 'ठमी झोपली का?' एवढं विचारायला. फोनमधले लोक मात्र तिचे हात बघत होते. 'ताई, काय हात आहे!' हे पहिल्यांदा वाचलं, त्या दिवशी तिला भाकरी जास्त गेली.

मग हळूहळू दोन गाठींच्या मध्ये नजर वर जाऊ लागली. लोकांच्या पसंतीचे किती बदाम आले? कमी आले तर फुलं चुकली की हात काळे दिसले? हार संपला तरी काही झालं असं वाटेना, बदाम येईपर्यंत.

गावातल्या शाळेत शिकवणाऱ्या कुंदाकाकूंच्या लेकीचं, जुईलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, अमरावतीच्या हॉलमध्ये ठरलं. करिश्माने गुलाब आणि गुलछडीचा हार केला. कॅमेरा वर, म्हणून सगळ्या फुलांची तोंडं वर. खाली नुसती देठं आणि दोरा. पाटावर पसरला तेव्हा गालिचा वाटत होता. गळ्यात पडला तेव्हा तोंडाकडच्या भाराने गर्रकन फिरला, आणि सगळ्या फोटोंमध्ये जुईलीच्या गळ्यात देठंच देठं.

"करिश्मा, तुझा हार आमच्याकडे पाठ करून बसला होता गं," कुंदाकाकू फोनवर म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "लग्नाचे हार आता अकोल्यालाच सांगते. लग्न तिकडंच आहे, सोयीचं पडेल."

फोन ठेवला तर व्हिडिओखाली बदाम वाढतच होते.

"म्या म्हटलं होतं ना, हार खुटीले टांग, फिरवून पाह्य," पार्बताबाई म्हणाल्या. "काहून नाही पाह्यलं?"

"व्हिडिओ लय चांगला आलता, आई."

"व्हिडिओ कोनाच्या गयात घालतेत व?"

करिश्माला रडायचं होतं, पण ठमी आधीच रडत होती. तिला थोपटता थोपटता करिश्माच्या मनाने घेतलं की हा हार असा राहू द्यायचा नाही.

दुसऱ्या दिवशी ठमीला कडेवर घेऊन ती कुंदाकाकूंच्या दारात उभी राहिली.

"काकू, लग्नाचे हार मी आणतो अकोल्याले."

"अगं, लग्न आहे. परत तसं झालं तर?"

"तुमी तिथले सांगितले ते राहू द्या. माझे त्याइच्या बाजूले टांगा अन् फिरवून पाहा. पाठ दिसली तं घालू नोका."

कुंदाकाकूंनी ठमीच्या हातात बिस्कीट दिलं. "अशी हट्टी आहे का गं तुझी आई?" ठमीने बिस्कीट चोखलं. त्यालाच होकार समजून करिश्मा परतली.

लग्नाच्या दिवशी सकाळी तिने फोन सासूबाईंच्या हवाली केला. "मागितला तरी देऊ नोका."

"तू रडली तं?"

"तरी नोका."

दांडी तेवढी राहिली होती, रिकामी. करिश्माने गुलाब उचलला, गुलछडी जोडली, गाठ मारली. वीतभर गुंफून झालं आणि तिला दिसलं की मनगट आपसूक दांडीकडे वळतं आहे, बांगड्या दिसतील असं. मनगटाबरोबर फुलंही वळली होती. बघायला कोणी नसताना!

तिने दांडी उचलून अंगणात टाकली आणि ती वीत उसवली. मग एक फूल पुढे, एक मागे, एक उजवीकडे, एक डावीकडे, असं चारी अंगांनी भरत गेली. अवघड जात होतं. मागचं फूल घालताना बोटांना वाटे, हे कोणाला दिसणार? ती दात आवळून तेच फूल आधी घाली. शेजारी ठमी वाटीत पाकळ्या भरत होती, काढत होती, परत भरत होती. आईकडे ढुंकून बघत नव्हती. करिश्माला हसू आलं, आणि नंतर बराच वेळ तिच्या डोक्यात काहीच आलं नाही, फक्त पुढचं फूल.

दोन्ही हार तिने खुंटीला टांगून फिरवले. मग ओल्या फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवले. ठमी सासूबाईंजवळ राहिली. अमरावतीहून अकोल्याच्या एसटीत तिने टोपली मांडीवरून हलू दिली नाही. शेजारच्या बाईने "अंडे हायत का?" विचारलं, तरी नाही.

अकोल्याच्या हॉलवर, नवरीच्या खोलीत, दुकानाचा हार आधीच आला होता. लांबलचक, मण्यांनी लखलखणारा. कुंदाकाकूंनी तो आणि करिश्माचा एक हार खिडकीच्या कडीला अडकवले आणि फिरवले. मण्यांचा हार थांबला तेव्हा त्याची एक बाजू पांढरी, पुठ्ठ्याची होती. करिश्माचा फिरला, मंदावला, थांबला. कुठूनही बघा, फुलंच. करिश्माचे हात पदरात घट्ट धरलेले होते.

कुंदाकाकूंनी बोटाने तो पुन्हा एकदा फिरवला. मग काढून जुईलीच्या हातात दिला. "हाच घाल. जोडीचाही हिचाच दे नवरदेवाकडं."

संध्याकाळी मंगलाष्टकं झाली. नवरदेवाला मित्रांनी उचललं, जुईलीला उड्या मारून हार घालावा लागला, ओढाताण झाली. हार इकडे फिरले, तिकडे फिरले. समोर फोनच फोन वर झाले होते. करिश्मा मागे, खांबाजवळ, टाचा उंचावून फक्त हारांकडे बघत होती.

निघताना जुईलीने तिला हाक मारली. "ताई, हा करतानाचा व्हिडिओ पाठवा ना. मैत्रिणी विचारत आहेत."

"नाही काढला."

"अय्या! मग कळणार कसं कोणाला, तुम्ही केलाय म्हणून?"

करिश्माने तिच्या मानेवरचा हार जरा सैल केला. "मानेले टोचून तं नाही राहिला?"

"नाही हो. आहे हेसुद्धा कळत नाही."

"मंग झालं," करिश्मा म्हणाली, आणि रिकामी टोपली काखोटीला मारून एसटी स्टँडच्या दिशेने भराभर निघाली. ठमीची भुकेची वेळ झाली होती.